उष्टा श्वास

२ सप्टेंबर १९७४, सोमवार

आज पहाटे उमरेड सोडण्याआधी मी मागावरचा शेवटचा कपडा पुरा केला. चार बोटंच राहिला होता, पण आमच्या कोष्ट्यांत अर्धा कपडा मागावर टाकून कोणी घर सोडत नाही. मग ताणा कापला, फणी पुसली, आणि ज्या बारीक कात्रीने ताणा कापला ती खिशात ठेवली. वडिलांची कात्री आहे. माग सोबत नेता येत नाही, कात्री नेता येते.

चंद्रकलेचं म्हणणं होतं की अधिक महिन्यात नवीन काम धरू नये. मी म्हटलं, अधिकातलं पुण्य दुप्पट लागतं आणि दवाखान्याचं काम पुण्याचंच. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, ती शहराबाहेरच्या वाडीची गोदामं दिसू लागेपर्यंत.

हा धर्मार्थ दवाखाना अमरावती रोडवर, ट्रकांच्या रांगा संपतात तिथे आहे. मागच्या अंगाला आम्हाला एक खोली मिळाली आहे, दारात कडुनिंब आहे. उमरेडच्या डॉक्टरसाहेबांकडे इतकी वर्षं मी सकाळी माग आणि दुपारी ईथरचा बोळा सांभाळला, त्यांच्याच शब्दावर हे काम मिळालं. ऑपरेशनच्या खोलीत गॅसचे सिलिंडर लावायचे, भुलीचं मशीन रोज तपासून डॉक्टरांच्या हाती द्यायचं. इथे मला सगळे गॅसवालाच म्हणणार असं दिसतं. म्हणोत.

मोठी गोष्ट ही की नोकरांच्या घरच्यांचं ऑपरेशन इथे फुकट होतं. चंद्रकलेच्या गर्भाशयात गाठ आहे, अंगावरून जातं. डॉक्टरांनी आजच तिला पाहिलं. रक्त कमी आहे, आधी ते वाढू द्या, दिवाळीनंतर करू, असं सांगितलं. देवापाशी दिवा लावला. मन शांत आहे.

५ सप्टेंबर, गुरुवार

शाळेत आमचे गुरुजी सांगत, नवी वस्तू हाती आली की तिचं वर्णन लिहून काढावं, म्हणजे ती आपली होते. म्हणून लिहितो.

मशीन चाकांवर उभं आहे, साधारण माझ्या छातीएवढं. मागे सिलिंडर. काळा, पांढऱ्या गळ्याचा, तो ऑक्सिजनचा. निळा तो भुलीच्या गॅसचा. समोर काचेच्या उभ्या नळ्या. गॅस सोडला की नळीत एक हलकी भिंगरी वर चढते आणि तरंगत फिरते, त्यावरून किती गॅस जातो ते कळतं. बाजूला ईथरची बाटली. शेवटी काळी रबरी पिशवी, तिच्यापासून निघालेली वळ्यावळ्यांची नळी, आणि नळीच्या टोकाला तोंडावर बसवायचा मास्क. रोगी श्वास घेतो तशी पिशवी आत जाते, सोडतो तशी फुगते. तो श्वास घेत नसेल तर डॉक्टर पिशवी दाबून श्वास देतात. म्हणजे माणसाचा श्वास त्या वेळी त्या पिशवीतच असतो.

तपासणी मला वॉर्डबॉय रुपरावने शिकवली. माणूस तोंडाचा फाटका आहे, दिवसभर खर्रा चघळतो. सिलिंडरचा काटा पाहा, भिंगरी अडकत नाही ना पाहा, नळीच्या तोंडावर अंगठा दाबून पिशवी फुगवा आणि ती फुगलेलीच राहते का पाहा. सगळ्यात शेवटी मास्क स्वतःच्या तोंडावर धरून ऑक्सिजनचा एक श्वास घ्यायचा. म्हणजे सिलिंडरमध्ये चुकीचा गॅस भरून आला असेल तर आपल्याला आधी कळतं. रुपराव म्हणाला, "पहिला श्वास गॅसवाल्याचा, मंग पेशंटचा. महादेवरावनं एक दिस चुकवला नाही, गा. तू बी चुकवू नको."

महादेवराव म्हणजे माझ्या आधीचा गॅसवाला. सहा महिन्यांपूर्वी काम सोडून कळमेश्वरला पुतण्याकडे राहायला गेला. तेव्हापासून मशीन रुपरावच तपासत होता.

हसू याचं आलं की देवाच्या नैवेद्याला आधी तोंड लावत नाहीत, आणि इथे तोंड लावल्याशिवाय पुढे द्यायचं नाही. शबरीची बोरंच म्हणायची.

९ सप्टेंबर, सोमवार

आज पहिला श्वास घेतला तेव्हा खर्ऱ्याचा वास आला. सुपारी, चुना, तंबाखू, अगदी कोणी तोंडाजवळ तोंड आणून बोलावं तसा. मास्क उकळून ठेवलेला होता. भूल देणाऱ्या डॉ. हरकऱ्यांना विचारलं. ते म्हणाले की रबर वास पिऊन ठेवतं, शनिवारी एका ट्रक ड्रायव्हरचा पाय कापला होता, त्याचा असेल.

बरोबर आहे. पण पिशवीचं रबर फार जुनं आहे. तिला सायकलच्या पंक्चरची ठिगळं लावलेली आहेत, एकावर एक. रुपराव म्हणतो, महादेवराव नवीन पिशवी लावूच देत नव्हता.

१२ सप्टेंबर, गुरुवार

अधिकातली एकादशी. पहाटे आंघोळ, जप. एकादशीला मी निरंकार राहतो आणि उष्ट्याला तोंड लावत नाही, वडिलांपासूनचा नेम आहे. तो मास्क कोणाकोणाच्या तोंडावरून आलेला. म्हणून आज सगळी तपासणी नीट केली, फक्त शेवटचा श्वास तेवढा घेतला नाही. सिलिंडर कालचाच होता, कालच तपासलेला.

पहिलीच रोगी, मानेवर गाठ असलेली बाई, भूल चढताच निळी पडली. भिंगरी नाचत होती, काटा भरलेला होता, पिशवी हलत होती. आणि बाईची नखं जांभळी. डॉ. हरकऱ्यांनी नळी उपटून टाकली आणि साध्या हवेवर हाताने श्वास दिला, तेव्हा रंग परतला. ऑपरेशन न करताच तिला बाहेर नेलं.

डॉक्टरांनी माझ्यासमोर मशीनचा सांधा न सांधा तपासला. कुठे गळती नाही, कुठे अडकलेलं नाही, सिलिंडरमध्ये ऑक्सिजनच. सिस्टर कुसुमताई मात्र माझ्याकडेच पाहत होत्या. म्हणाल्या, खेड्यातून माणसं उचलून आणली की हेच होणार.

मी मशीन पुसून ठेवलं. पुसताना पिशवी गरम लागली.

२१ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले, चंद्रकलेने मातीचाच छोटा आणला. तिचं रक्त थोडं वाढलं आहे.

आज महादेवराव आला होता. साठीचा असेल, पण छाती पिंजऱ्यासारखी, दोन पावलं टाकली की थांबतो. मला वाटलं, जुन्या सोबत्यांना भेटायला आला. तो कोणाशी बोलला नाही. सरळ मशीनपाशी गेला, पिशवी दोन्ही हातांत घेऊन एकेका ठिगळावरून बोट फिरवलं, लेकराला कुठे लागलं ते पाहावं तसं. नंतर माझ्याकडे वळला. डोळ्यांत नुसता द्वेष. म्हणाला, "एकादस पाळतं म्हणे तू?"

रुपरावने सांगितलं असेल. मी हो म्हटलं.

तो म्हणाला, "तुह्या एकादशीपायी माणूस मारशील, माकोड्या." आणि निघून गेला. गेटपर्यंत पोचायला त्याला फार वेळ लागला.

२६ सप्टेंबर, गुरुवार

एकादशी. म्हाताऱ्याचं बोलणं मनात होतं. पण त्याच्या सांगण्यावरून वडिलांचा नेम मोडायचा? शिवाय डॉक्टर स्वतः म्हणाले होते, तो श्वास ही जुनी सवय आहे, काटा आणि भिंगरी पाहिली की पुरे. देवाचं नाव घेऊन बाकीची तपासणी दोनदा केली.

हिंगण्याच्या कारखान्यातला ओमप्रकाश नावाचा तरुण. साधं हर्नियाचं ऑपरेशन. टेबलावर चढताना सिस्टरशी थट्टा करत होता, टाके असे घाला की पुढच्या महिन्यात लग्नात नाचता आलं पाहिजे.

तो गेला.

या वेळी डॉक्टरांनी नळी उपटली, साध्या हवेवर श्वास दिला, छाती दाबली. काही झालं नाही. आणि हे मी पाहिलं ते लिहून ठेवतो. नळी मशीनपासून सुटलेली होती. गॅस बंद होता. पिशवीला काही जोडलेलं नव्हतं. तरी पिशवी आत गेली, बाहेर आली. आत गेली, बाहेर आली. ओमप्रकाश टेबलावर निश्चल, आणि पिशवी त्याच्यासारखी धापत होती. मग हळूहळू भरली आणि भरलेलीच राहिली.

मी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. कोणी पिशवीकडे पाहत नव्हतं.

२८ सप्टेंबर, शनिवार

काल ओमप्रकाशचे लोक आले होते. त्याच्या भावाने माझी कॉलर धरली. गॅसवाला कोण, गॅसवाला कोण, असंच विचारत तो आत आला होता, आणि कुसुमताईंनी बोट दाखवलं. कंपनीचा इंजिनिअर येऊन मशीन उघडून गेला. त्याच्या मते मशीन ठणठणीत आहे. म्हणजे दोष माणसाचा. रुपरावही आता माझ्याजवळ बसून चहा पीत नाही. आज डब्याच्या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कोष्ट्यानं आपला कपडा विणावा, गा. माणसाचा श्वास कायले विणते?"

रोज सकाळी मी पहिला श्वास घेतो. रोज कोणाचा तरी वास येतो. काल हळद. आज दूध.

६ ऑक्टोबर, रविवार

सुट्टी पाहून कळमेश्वरला गेलो. महादेवराव ओसरीत भिंतीला टेकून बसला होता. मला पाहून शिव्या दिल्या, पण मी पायाशी बसलो तसा निवळला.

त्याने सांगितलं ते असं. त्याच्या उमेदीत एकदा सिलिंडर चुकीचा भरून आला आणि एक बाळंतीण गेली, तेव्हापासून पहिला श्वास घ्यायचा कायदा झाला. तेव्हा ती नुसती तपासणी होती. काही काळाने त्याच्या लक्षात आलं की तो रजेवर असला की रोगी निळे पडतात. त्याने रजा घेणं सोडलं. मुलीच्या लग्नादिवशीसुद्धा सकाळी येऊन श्वास देऊन गेला. तो घेणं म्हणत नव्हता, देणं म्हणत होता. मी विचारलं, काहून? त्याला ठाऊक नव्हतं. म्हणाला, "तुले का वाटते, तू मशीन तपासून राहिला? ते तुले तपासून राहिलं."

त्याच्या हिशोबाने रोज सकाळी थोडा श्वास आत जातो आणि सगळा परत येत नाही. जो जातो तो पिशवीत राहतो. तेवढ्यावर मशीन दिवसभर गप्प बसतं. नाही दिला तर ते रोग्याचा घेतं.

निघताना त्याने माझं मनगट धरलं. बोटं थंड होती. "ते पिशवी सांभाळ. ठिगळ लाव, सोल्युशन लाव, काई बी कर. माहा सारा श्वास तिच्यात हाये. ते फाटली तं मी फाटलो."

परतताना बसमध्ये मी नामस्मरण करायचा प्रयत्न केला. नाव श्वासावर येतं. आणि श्वासाचीच भीती वाटत होती.

१२ ऑक्टोबर, शनिवार

एकादशी. नेम मोडला. मास्क तोंडाला लावला, उष्टा श्वास घेतला. ओमप्रकाशचा वास आला, साबण आणि मशीनचं तेल. डोळ्यांत पाणी आलं.

दिवसभर सगळे रोगी सुखरूप. संध्याकाळी देवापुढे बसलो, पण दिवा लावायचा धीर झाला नाही. चंद्रकलेने लावला. तिच्या गालांवर आता रंग आहे. दिवाळीनंतर तिलाच त्या टेबलावर झोपायचं आहे.

१९ ऑक्टोबर, शनिवार

डॉ. हरकऱ्यांनी आज नवी पिशवी आणली. मुंबईहून मागवलेली, एकच आली. पुढची यायला महिने लागतील, जपून वापरा, म्हणाले. मी जुनीच राहू द्या म्हणून हात जोडले. त्यांना वाटलं, मी कामचुकारपणा करतो आहे. सगळ्यांसमोर बोलले की असल्या अडाणी आपुलकीपायी माणसं मरतात. ते त्यांच्या जागी बरोबरच होते, ती पिशवी कोणीही फेकली असती. शिवाय यापुढे मास्कला तोंड लावायचं नाही, घाणेरडी पद्धत आहे, अशी ताकीद दिली.

जुनी पिशवी परत कोणी वापरू नये म्हणून त्यांनी ती मध्यावर कापली. मी जवळ उभा होतो. तिच्यातून हवा निघाली. थोडी नाही, फार वेळ निघत राहिली, एवढ्याशा पिशवीत मावेल त्याहून कितीतरी जास्त. विडीचा वास आला, आणि म्हाताऱ्या माणसाचा.

२० ऑक्टोबर, रविवार

कळमेश्वरहून निरोप आला. महादेवराव काल सकाळी गेला. चहा पीत बसला होता. पुतण्या म्हणतो, कोणीतरी टाचणी लावावी तसा बसल्या जागी रिता झाला. कप हातातच होता.

रुपराव माझ्याकडे पाहून थुंकला. तो मला दोष देतो आहे की मशीनला, ते कळलं नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

खंडेनवमी. माझ्या घरी आज मागाची पूजा व्हायची आणि उद्यापर्यंत मागाला कोणी हात लावायचं नाही. इथे सिस्टरने सगळ्या हत्यारांना हळदकुंकू वाहिलं, मशीनला झेंडूची माळ घातली, पेढे वाटले. हसणं-खिदळणं चालू होतं.

माळ वर-खाली होत होती.

मी जवळ गेलो. नवी पिशवी माळेखाली हलत होती. सिलिंडर बंद. मी कान लावला. माग चालवणाऱ्याचा श्वास वेगळा असतो. धोटा फेकताना तो थांबतो, फणी ठोकताना सुटतो. जन्मभर केलं की झोपेतही तसाच चालतो. चंद्रकला त्यावरून मला चिडवते.

पिशवी थांबत होती. मग सुटत होती. थांबत होती. मग सुटत होती.

तो माझा श्वास आहे.

२ नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टर येण्याआधी चोरून श्वास देतो. सिलिंडर उचलताना धाप लागते. पूर्वी दोन उचलायचो, आता एक उचलून टेकतो. विहिरीवरून कळशी आणली तर चंद्रकलेने ती माझ्या हातून घेतली. आजारी कोण आहे, असं म्हणाली.

अंगठा नळीच्या तोंडावर ठेवून पिशवी तपासतो तेव्हा नळी अंगठा ओढते. आत. हवा बाहेर यायला हवी, ती आत ओढते. काल अंगठ्यावर गोल वळ उठला, कोणी चोखल्यासारखा.

९ नोव्हेंबर, शनिवार

आज श्वास दिला होता. नीट दिला होता. डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत दिला.

तरी तो वाडीचा हमाल निळा पडला. वाचला, पण त्याला अजून नीट शुद्ध नाही, बायकोला ओळखत नाही. म्हणजे आता माझ्या एकट्याच्या श्वासावर मशीनचं भागत नाही. नैवेद्य पुरत नाही. महादेवरावची साठवण त्या कापलेल्या पिशवीसोबत गेली, आणि ते उपाशी आहे.

डॉक्टरांनी पुन्हा सगळं तपासलं. सगळं ठीक.

सगळं ठीकच असतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळी झाली. सोमवारी, पंचवीस तारखेला चंद्रकलेचं ऑपरेशन ठरलं आहे. पहिलाच नंबर. मी पंचांग पाहिलं. कार्तिकी एकादशी.

तिला म्हटलं, आपण शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जाऊ. ती म्हणाली, इथली माणसं ओळखीची, तुम्ही स्वतः मशीनपाशी, मले कायची भीती? एवढं म्हणून ती सुताची कांडी भरताना गुणगुणायची तसं गुणगुणू लागली.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

तिचं रक्त जाणं पहाटे एकदम वाढलं. वॉर्डात दाखल केलं. रक्त चढवलं. डॉक्टर म्हणतात, सोमवारपलीकडे थांबता येणार नाही.

तिचा पलंग ऑपरेशनच्या खोलीच्या भिंतीला लागून आहे. भिंतीपलीकडे मशीन.

पलंग हलवा म्हटलं. कुसुमताई म्हणाल्या, धकातेबुवा, आता पलंगसुद्धा तुम्हीच लावा, पेशंटसुद्धा तुम्हीच कापा.

२४ नोव्हेंबर, रविवार

सकाळी मशीनपाशी गेलो. पिशवी हलत होती. माझ्या चालीने नाही.

लांब आत. मग बाहेर येताना दोनदा तुटलेला, बोटात सूत अडकावं तसा. तीस वर्षं मी त्या श्वासाशेजारी झोपलो. अंधारात हजार बायकांतून ओळखीन.

वॉर्डात धावलो — धावता येत नाही, भिंत धरून गेलो. ती उशीला टेकून बसली होती. म्हणाली, पाहा ना, सकाळपासून नुसती धाप लागून राहिली, कायनं तं.

डॉ. हरकऱ्यांकडे गेलो. पाय धरले. हिला त्या मशीनवर घेऊ नका, मोठ्या दवाखान्यात पाठवा. कारण विचारलं. सांगितलं — सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत राहिले, त्याचीच भीती वाटली. मग म्हणाले, मशीनमध्ये तीळभर बिघाड असता तर मी स्वतः चिठ्ठी देऊन, गाडीत घालून पाठवलं असतं. बिघाड नाही. तुम्हाला विश्रांती हवी. उद्यापासून मशीनला हात लावायचा नाही.

तीळभर बिघाड असता तर.

हे शब्द घेऊन दिवसभर बसलो आहे. उद्या श्वास दिला तरी पुरणार नाही, नाही दिला तर तिचाच जाईल. तिला पळवून नेलं तर त्या टेबलावर मंगळवारी दुसऱ्या कोणाची चंद्रकला असेल.

पिशवी एकच आहे. काचेच्या नळ्याही इथे मिळत नाहीत. आणि त्या पिशवीत आता माझा जवळजवळ सगळाच श्वास आहे, तिच्या दोन दिवसांच्या श्वासासोबत. दोन दिवसांचा गेला तर माणूस थकतो, मरत नाही. माझा — माझं महादेवरावनं सांगून ठेवलं आहे.

२५ नोव्हेंबर, सोमवार. कार्तिकी एकादशी.

सूर्य वर आला आहे. आंघोळ केली, जप केला. आज तोंडाला काही उष्टं लावलेलं नाही. नेम पाळला.

तिच्या कपाळाला अंगारा लावून आलो. म्हणाली, तुम्ही आत राहाल ना? हो म्हटलं. ते खोटं नाही. ऑपरेशनच्या खोलीत बसून लिहितो आहे, मशीन पुढ्यात ओढून घेतलं आहे, दाराला आतून कडी आहे.

उमरेडचा माग मेहुण्याला द्यावा. त्यावर अर्धा कपडा नाही, मी पुरा करून आलो. चंद्रकलेला सांगावं की —

रुपराव दार ठोकतो आहे. उघड गा, काहून लावलं? डॉक्टर आले.

पिशवी चंद्रकलेच्या चालीने हलते आहे. घाईघाईने. तिला कळलं आहे. कात्री बाहेर काढली तशी ती फुगली, माझ्याकडे फुगली, नळी सापासारखी टेबलावरून —

आधी काचा. स्पॅनरने. एक. दुसरी. भिंगऱ्या फरशीवर पडून फिरत राहिल्या, बंद गॅसवर, कितीतरी वेळ.

मग वडिलांची कात्री.

कापली.

हवा निघते आहे. आधी तिचा वास — खोबरेल, कुंकू — तो दाराखालून निघून गेला. वॉर्डात कोणीतरी मोठ्यांदा श्वास घेतला. तिचाच. भिंतीपलीकडून ऐकू आला.

आता सुताचा वास. खळीचा. उमरेडच्या सकाळचा.

दार मोडलं. डॉक्टर काचा पाहून ओरडताहेत. कुसुमताई — मेल्या, काय केलंस. डॉक्टर म्हणाले, गाडी काढा, बाईला मोठ्या दवाखान्यात, आत्ता, मी चिठ्ठी देतो. स्ट्रेचरची चाकं. दूर जाताहेत. गाडी सुरू झाली —

सुरू झाली —

वही कोणी ओढत नाही. सगळे पिशवीकडे पाहताहेत. आता पाहताहेत. अजून निघते आहे, म्हणताहेत, एवढी हवा कुठून —

छाती हलकी. थांबतो. सुटत नाही. पांडुरंगा

धोटा फेकला आहे. फणी